मेल सर्व्हरच्या चाचण्या: सोलापुरातल्या एका कामाची वही

९ डिसेंबर २०२४, सोमवार

शनिवारी रात्रीचं अपग्रेड अंगाशी आलं, म्हणून ही वही उघडली.

सकाळी साडेनऊला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या अण्णांचा फोन. टॉवेलचा कारखाना, माल बाहेरदेशी जातो. "मॅडम, पार्टीचे मेल परत चाललेत की ओ. डिझाईन पाठवली म्हणतात ते, इथं तर काहीच नाही." लॉग उघडला. बाहेरून येणारं प्रत्येक जड पत्र ५५२ (आकार जास्त) सांगून दारातूनच परत पाठवलेलं. छोटी पत्रं सुरळीत.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली आणि पचवायला दिवस गेला. जुन्या सर्व्हरवर पत्राच्या आकाराची मर्यादा आम्ही २५ एमबी केली होती. नव्या कॉन्फिगमध्ये ती ओळ आणायची राहिली, आणि पोस्टफिक्स, म्हणजे आमचा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम, आपल्या मूळ मर्यादेवर गेला: १,०२,४०,००० बाइट. हा आकडा १० एमबी वाटतो, पण फाईल जोडली की ती बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, जाते. ५७ बाइटांची ७६ अक्षरं होतात, वर ओळ संपवायची दोन. म्हणजे १० एमबीच्या दारातून जेमतेम ७४ लाख ८३ हजार बाइटांची फाईल आत येते. अण्णांच्या जॅकार्डच्या फाईली आठ-नऊ एमबीच्या.

अपग्रेडनंतर आम्ही आजवर काय तपासत होतो? जीमेलवरून एक 'हॅलो' पाठवायचं, आलं की झोपायला जायचं. शितावरून भाताची परीक्षा होते, मेल सर्व्हरची होत नाही.

दुसरा सर्व्हर, ज्यावर बाकीचे दहा ग्राहक आहेत, अजून जुन्या आवृत्तीवर आहे. स्वयंचलित चाचण्या तयार झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

११ डिसेंबर

ऑफिसातला जुना डेस्कटॉप या कामाला दिला. त्यावर डेबियन १२ लिनक्स, पोस्टफिक्स ३.७, आणि पत्रं पेट्यांत ठेवणारा डव्हकॉट २.३. चाचण्या पायथनमध्ये, त्या चालवायला पायटेस्ट. सोबत धाकटा: कामाला लागून चार महिने झालेला पोरगा, घरी तेलुगू, ऑफिसात सोलापुरी. वहीत त्याला धाकटाच म्हणते.

सुरुवातीला एक्झिमवाल्यांची चाचणीची पद्धत वाचून काढली. एक्झिम हा १९९५ मध्ये फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठात लिहायला घेतलेला मेल सर्व्हर. त्यांच्या सोर्सबरोबरच चाचण्यांचा मोठा संच येतो. प्रत्येक चाचणीचा अपेक्षित निकाल फाईलमध्ये जपून ठेवायचा, नवा निकाल त्याच्याशी ताडायचा. तारखा, प्रोसेस क्रमांक वगैरे दर वेळी बदलणारा मजकूर आधी पुसून सारखा करायचा. आणि खऱ्या डीएनएसला (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) विचारायचंच नाही, खोटा नेमसर्व्हर बाळगायचा. तिन्ही गोष्टी उचलल्या. (तिन्हीतल्या दोन पुढे महागात पडल्या. दोष त्यांचा नाही.)

डोमेनची नावं सगळी 'डॉट टेस्ट'मध्ये. इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद असतात, आरएफसी. त्यातल्या २६०६ नं १९९९ पासून हे नाव चाचणीसाठी राखून ठेवलंय, खऱ्या जगात ते कुणाला मिळणार नाही. टीएलएससाठी, म्हणजे जोडणी कुलूपबंद करायला, घरचंच सर्टिफिकेट बनवलं, ३० दिवसांचं. पुढचं पुढे बघू.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुढचं पुढे बघू म्हणणाऱ्यांचा दिवस.

दुपारी चारला अण्णा: "मॅडम, 'चाचणी ०१७' म्हणजे काय? आणि ०१८? ४३ आलेत आत्तापर्यंत."

डोमेन खोटी, डीएनएस खोटा, सगळं खोटं, पण फॉरवर्डिंगचा तक्ता मी चालू सर्व्हरवरून जसाच्या तसा आणला होता. त्यात एका ओळीत अण्णांचा खरा पत्ता. आमचा चाचणीतला पोस्टफिक्स इमानदारीत पत्रं पोचवत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ सांगितलं. अण्णा हसले. "चालतंय. पण आज आलेले पोचले तरी."

संध्याकाळपर्यंत चाचणीचा सर्व्हर स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेसमध्ये कोंडला. बाहेर जायची वाटच नाही, ऑफिसच्या जाळ्यातून आत यायची एक खिडकी तेवढी ठेवली. शिस्तीवर विसंबण्यापेक्षा भिंत बरी.

१७ डिसेंबर

एसएमटीपी म्हणजे पत्र देताना सर्व्हर बोलतात ती भाषा. पायथनची एसएमटीपी लायब्ररी चाचणीसाठी फार सज्जन आहे. तुम्ही वेडंवाकडं पाठवायला जा, ती वाटेत सगळं सरळ करून देते. आम्हाला तर वेडंवाकडंच पाठवायचंय.

ठिपक्याचंच बघा. एसएमटीपीत पत्र संपलं हे सांगायला एका ओळीवर नुसता ठिपका देतात. मग पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ नुसत्या ठिपक्याची असली तर? पाठवणाऱ्यानं ठिपक्यानं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे आणखी एक ठिपका लावायचा, घेणाऱ्यानं तो काढायचा. १९८२ च्या आरएफसी ८२१ पासूनचा हा नियम. लायब्ररी हे गुपचूप करते, त्यामुळे लायब्ररीतून केलेली चाचणी सर्व्हरची कमी आणि लायब्ररीची जास्त होते. म्हणून लायब्ररी सोडून कच्च्या सॉकेटवर, थेट जोडणीवर उतरलो आणि बाइट न बाइट हातानं लिहिला.

याच वाटेवर 'एसएमटीपी स्मगलिंग' आहे, डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेलं. ठिपक्याच्या आधी-नंतर ओळ कशी संपते, कॅरेज रिटर्नसकट की नुसत्या लाइन फीडनं (ओळ संपवायच्या या दोन खुणा), यावर दोन सर्व्हरांचं एकमत नसलं, तर एका पत्राच्या पोटातून दुसरं पत्र आत सरकवता येतं. ते दुसरं पत्र कुणाच्याही नावानं असू शकतं. पोस्टफिक्सनं बंदोबस्त दिलाय. ३.९ पासून तो आपोआप चालू असतो, आमच्या ३.७ मध्ये हातानं चालू करावा लागतो. केला. त्याची चाचणी लिहिली, लाल आली, म्हणजे नापास (पास ती हिरवी). धाकटा म्हणाला मी बघतो.

२० डिसेंबर

सकाळी चाचण्या हिरव्या, दुपारी त्याच चाचण्या लाल, जेवून आलं की परत हिरव्या. मूळ कारण माझ्या 'दोन सेकंद थांब' मध्ये होतं. सर्व्हरनं २५० (घेतलं) म्हटलं म्हणजे पत्र पोचलं असं नाही, त्यानं जबाबदारी घेतली एवढंच. पुढे ते रांगेत जातं, तिथून डव्हकॉटकडे. मशीन रिकामं असलं तर अर्धा सेकंद, बॅकअप चालू असला तर चार.

आता झोपायचं नाही, विचारत राहायचं: प्रत्येक चाचणी आपल्या पत्राला वेगळा मेसेज-आयडी देते आणि तो आयडी पेटीत दिसेपर्यंत सेकंदाला पाच वेळा बघते, २० सेकंदांची हद्द. आणि पुन्हा प्रयत्नाच्या चाचण्यांना घड्याळ पळवावं लागलं. तात्पुरतं नाकारलेलं पत्र पोस्टफिक्स मूळ सेटिंगला ३०० सेकंदांनी पुन्हा नेतो, मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत, आणि पाच दिवसांनी हात टेकतो. पाच दिवस चालणारी चाचणी कोण बघणार? चाचणीत हे सगळं सेकंदांवर आणलं.

२३ डिसेंबर

आजचा दिवस देवनागरीचा. अण्णांच्या ऑफिसातून विषयाच्या ओळी मराठीत जातात, त्या मध्येच फुटल्याची तक्रार जुनी आहे.

हेडरमध्ये देवनागरी सरळ जात नाही, सांकेतिक तुकडे करून जाते. एका तुकड्याला कमाल ७५ अक्षरं. त्यातली १२ वेष्टणाची, राहिली ६३, आणि बेस६४ चारच्या पटीत चालतं म्हणून ६०. साठ अक्षरांत ४५ बाइट मावतात. यूटीएफ-८ मध्ये (संगणकावर लिपी साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे तुकड्यात जास्तीत जास्त १५ चिन्हं. काना, मात्रा, हलंत धरून. 'सोलापुरी' यातच ८ गेली. नियम असा की एका चिन्हाचे तीन बाइट दोन तुकड्यांत वाटायचे नाहीत. तक्रारीतल्या पत्रांत तेच झालं होतं, ४५ ऐवजी ४४ वर कापलेलं. सर्व्हरचा दोष नाही, अण्णांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा. ते बनवणाऱ्यांना नमुना पाठवला.

आमच्या संचात मात्र ही चाचणी ठेवली: विषय 'ज्ञानेश्वरनगरच्या क्ष्म्यांची ऑर्डर'. क्ष्म्या नावाचं काही नसतं, पण चार व्यंजनं आणि तीन हलंतं एका दमात तपासायला शब्द बरा.

२८ डिसेंबर

मंगळवेढ्याकडे शेतावर हुरडा. काम शून्य. लॅपटॉप सोबत नेला होता, उघडला नाही.

२ जानेवारी २०२५

२१२ पैकी २१२ हिरव्या!

धाकट्यानं नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. उरलेल्या लालमधल्या बहुतेक तारीख, क्रमांक असल्या फुटकळ फरकांच्या होत्या म्हणे. त्यानं पुसून सारखं करायचा नियम सुधारला आणि अपेक्षित निकालाच्या ३१ फाईली नव्यानं नोंदवल्या. मी स्क्रीनवर वरून खाली नजर फिरवली. ठीक वाटलं. चहा मी दिला.

१० जानेवारी

सकाळी टीएलएसच्या सगळ्या चाचण्या एकदम लाल. कुणी काही बदललेलं नाही. ११ डिसेंबरची नोंद वाचा. आता सर्टिफिकेट दर वेळी चाचणीच्या सुरुवातीला ताजं बनतं, आणि मुदत संपलेलं एक मुद्दाम ठेवलंय, त्यावर जोडणी तुटलीच पाहिजे अशी चाचणी. फुकट मिळाली.

१३ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. होम मैदानाकडून दुचाकी काढायची म्हणजे दिव्य. धाकटा अकराला आला, हातात जुनंपुराणं वाटणारं एक पिपाणीचं खेळणं, भाच्यासाठी.

आज व्हायरस आणि स्पॅम. अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायला खरा व्हायरस पाळायची गरज नसते. आयकार नावाची एक निरुपद्रवी ओळ आहे, सगळे अँटिव्हायरस तिला बघून ओरडायचं ठरवून आहेत. स्पॅमसाठी तशीच जीट्यूब. आयकारची ओळ मी फाईल म्हणून चाचण्यांच्या फोल्डरात ठेवली, धाकट्यानं आपल्या विंडोज लॅपटॉपवर फोल्डर खेचलं, आणि त्याच्या अँटिव्हायरसनं ती फाईल उचलून कोठडीत टाकली. चाचणी लाल, 'फाईल सापडत नाही'. म्हटलं तर चाचणी उत्तीर्णच. आता ती ओळ दोन तुकड्यांत कोडमध्ये लिहिलीय, चालताना जोडली जाते.

जोडताना लांबी तपासली, ६८ अक्षरं. जीट्यूबचीही मोजली, ६८. धाकटा खुर्चीतून उठला: "ताई, अडुसष्ट लिंगं!" सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, नंदीध्वज तिकडे फिरत असताना आम्ही इथं ६८ मोजत बसलेलो. योगायोग आहे. पण त्या चाचणीचं नाव आता 'अडुसष्ट'.

१८ जानेवारी, शनिवार

लाईट गेली. यूपीएसनं चार मिनिटं तग धरला, मग तोही झोपला. नेमका तेव्हा धाकटा आपल्या लॅपटॉपवरून ५०० पत्रांचा मारा करत होता. लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे कोणत्या पत्राला २५० मिळालं याची त्याच्याकडची नोंद शाबूत.

असली चाचणी ठरवून करायची हिंमत झाली नसती. लाईट आल्यावर दोघांनी मोजलं. नोंदीत ३२७ पत्रांना २५० मिळालेलं. सर्व्हरवर पेट्या आणि रांग मिळून ३२८. घेतलेलं एकही हरवलं नाही, कारण पोस्टफिक्स पत्र डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय २५० म्हणत नाही. आणि ते एक जास्तीचं? सर्व्हरनं पत्र पक्कं केलं, २५० म्हणाला, ते तारेतच राहिलं. पाठवणाऱ्याला वाटणार गेलं नाही, तो पुन्हा पाठवणार, पलीकडे एकच पत्र दोनदा. १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये हेच दुखणं लिहिलंय. वाचलं होतं, डोळ्यांनी आज दिसलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आजची नोंद लांब आहे.

दुसऱ्या सर्व्हरच्या अपग्रेडची तारीख ठरवायला बसलो होतो. २१२ हिरव्या बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण १० तारखेचा तो सर्टिफिकेटचा किस्सा सोडला तर गेल्या तीन आठवड्यांत या चाचण्यांनी खरं असं काही पकडलंच नव्हतं. कधीच न भुंकणारा कुत्रा शहाणा असतो किंवा बहिरा. म्हणून धाकट्याला म्हटलं, आज सर्व्हर आपणच मोडू या. कॉन्फिगची प्रत घ्यायची, एकच गोष्ट मुद्दाम बिघडवायची, संच चालवायचा, काय लाल होतं ते लिहायचं. बारा मोडतोडी काढल्या.

सात पकडल्या गेल्या. पाच नाही.

पहिली. आपल्या माणसांच्या पत्त्यांची यादी असते, 'मायनेटवर्क्स', तिच्यात सगळं जग टाकलं. म्हणजे ओपन रिले: जगातला कुणीही आमच्या सर्व्हरवरून कुणालाही स्पॅम पाठवू शकतो. मेल सर्व्हरवाल्याला याहून मोठी नामुष्की नाही. २१२ हिरव्या.

आमची रिलेची चाचणी चालते कुठून? त्याच मशीनवरून, लोकलहोस्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. आणि लोकलहोस्ट म्हणजे घरचा जावई. तो मायनेटवर्क्समध्ये असतोच, त्याला कुठंही पत्र पाठवायची मुभा असते. म्हणजे ही चाचणी पहिल्या दिवशी लालच आली असणार. मग हिरवी कशी झाली? अपेक्षित निकालाची फाईल उघडली. मी लिहिलं होतं '५५४ रिले नाकारला'. तिथं आता '२५०'.

धाकट्याचा चेहरा उतरला. "ताई, सर्व्हर २५० म्हणत होता. मला वाटलं आपण लिहिलेलं चुकलं असेल." त्याचं काय चुकलं? कामाला नव्यानं लागलेल्या पोरानं सर्व्हरवर विश्वास ठेवला. ३१ फाईली एकदम बदलल्या त्या मी बघितल्या होत्या, आणि बघितल्या म्हणजे काय तर चहा पीत खाली सरकवल्या होत्या.

दुसरी. स्मगलिंगचा बंदोबस्त बंद केला. हिरवं. तोच जावई: हा बंदोबस्त मूळ सेटिंगला मायनेटवर्क्समधल्यांना लागू होत नाही. १७ डिसेंबरला चाचणी लाल आली होती ती याचमुळे, आणि ३१ फाईलींत तीही होती.

तिसरी. नसलेल्या माणसाच्या नावे पत्र आलं तर ५५० म्हणायचं, ते बदलून ४५० केलं. फरक एका आकड्याचा, पण ५ म्हणजे कायमचा नकार, पाठवणाऱ्याला लगेच कळतं की पत्ता चुकला. ४ म्हणजे नंतर ये. मग त्याचा सर्व्हर पाच दिवस हेलपाटे घालत बसतो, आणि ऑर्डर पाठवणारा समजतो की पोचली. तरी हिरवं, कारण पुसून सारखं करायच्या 'सुधारलेल्या' नियमात प्रत्येक संख्येच्या जागी 'क्र' येत होतं. प्रोसेस क्रमांक पुसता पुसता ५५०, ४५०, २५० सगळे 'क्र' झाले. सर्व्हर काय बोलला तेच आम्ही खोडत होतो.

चौथीला मी खुर्ची मागं सरकवली. पत्राच्या आकाराची ओळ काढून टाकली. जिच्यामुळे ही वही सुरू झाली ती ओळ. २१२ हिरव्या.

मोठ्या फाईलची चाचणी माझ्या हातची. त्यात फाईल ७ एमबीची. ७३,४०,०३२ बाइट, बेस६४ होऊन १,००,४४,००० च्या आसपास, वर हेडर. मर्यादा १,०२,४०,०००. दोन लाख बाइटांनी सुखरूप आत. साडेसातच्या वर पाहिजे हे ९ तारखेला स्वतः गणित करून लिहिलं होतं, आणि दोन दिवसांनी घाईत ७ टाइप केलं. धाकटा काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

पाचवी, डीकेआयएमची सही (पत्र खरंच आमच्या डोमेनचं आहे याची खूण) बंद करणं. त्याची चाचणीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघेही भरपूर मेल पाठवणाऱ्यांकडून ही सही मागतात, आणि आम्ही विसरलो होतो.

रात्री सात रस्त्यावर दोघं उभ्यानं पुलाव खाऊन घरी. फार बोललो नाही.

२२ आणि २३ जानेवारी

दुरुस्ती. आता तीन खोल्या आहेत, तीन वेगळी नेमस्पेस: सर्व्हर, आतले लोक, बाहेरचे लोक. बाहेरच्यांना १९२.०.२ नं सुरू होणारे पत्ते, आरएफसी ५७३७ नं उदाहरणांसाठी राखलेले. प्रत्येक चाचणीला सांगावं लागतं की तू कुठल्या खोलीतून बोलतेस. लोकलहोस्टवरून एकही नाही.

अपेक्षित निकाल नव्यानं नोंदवायचा तर एका वेळी एकच फाईल, आणि का बदलला ते एका ओळीत मराठीत लिहायचं. ३१ च्या ३१ परत तपासल्या. २२ खरंच फुटकळ होत्या. ९ नव्हत्या.

पुसण्याचा नियम आता फक्त वेळ, रांगेचा क्रमांक आणि कंसातला प्रोसेस क्रमांक यांनाच हात लावतो. मोठ्या फाईलच्या दोन चाचण्या: २५ एमबीच्या मर्यादेच्या जरा आतली आली पाहिजे, जरा बाहेरची नाकारली गेली पाहिजे. आकडा टाइप करायचा नाही, मर्यादेवरून मोजून काढायचा.

आणि प्रत्येक चाचणीच्या डोक्यावर एक ओळ: काय मोडलं की ही लाल होते. ओळ लिहायची, तसं मोडून लाल बघायची, मगच संचात घ्यायची. काम तिपटीनं वाढलंय. मोडतोडी आता १५, रोज रात्री आपोआप होतात.

एक गंमत नोंदवायची राहिली. अनोळखी डोमेनला नकार देणारी अटच काढून टाकायची मोडतोड करून बघितली, तर पोस्टफिक्स पत्रच घेईना. रिले रोखणारी एकही अट सापडत नाही म्हणून लॉगमध्ये तक्रार करून आडवा झाला. लिहिणाऱ्यानं आमच्यासारखे लोक बघितलेले दिसतात.

२९ जानेवारी

देवनागरी पत्ता. 'चाचणी' नावाच्या पेटीला, डोमेनसुद्धा देवनागरी. आपल्याकडे 'डॉट भारत' २०१४ पासून आहे, ग्राहक कधीतरी मागणारच. पोस्टफिक्सला ३.० पासून असे पत्ते कळतात. बाहेरच्या खोलीतून पत्र पाठवलं, २५०. पेटीत मात्र आलं नाही. उलट बाहेरच्याला पत्र परत: पुढच्या सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ (असे पत्ते वाचायची सोय) येत नाही. पुढचा सर्व्हर म्हणजे आमचाच डव्हकॉट २.३.

दारावरचा माणूस 'या, बसा' म्हणतो आणि आतला हाकलतो, त्यापेक्षा दारातच सांगितलेलं बरं. तूर्त पोस्टफिक्समध्ये ते बंद केलं. आता सुरुवातीच्या ओळखीत सर्व्हर ही सोय जाहीरच करत नाही, तशी चाचणी घातली. मराठीत वही लिहिणाऱ्या बाईनं मराठी पत्ता बंद करावा हे बोचलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्या सर्व्हरचं अपग्रेड. आधी दुपारी त्याच्या नव्या कॉन्फिगची प्रत तीन खोल्यांत चालवली. २३८ पैकी ३ लाल.

दोन आमच्याच चाचण्यांच्या चुका. तिसरी खरी: एका ग्राहकाच्या जुन्या स्कॅनरसाठी मायनेटवर्क्समध्ये कधीतरी एक पत्ता घातलेला होता, पण शेवटी ३२ ऐवजी १६ लिहिलेलं. म्हणजे एका स्कॅनरऐवजी ६५,५३६ पत्त्यांना मोकळं रान. बाहेरच्या खोलीचा एक पत्ता आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या शेजारचा घेतो, म्हणून सापडलं. किती वर्षं होतं ते लॉगवरून कळेना, लॉग वर्षभराचेच ठेवतो.

रात्री ११:४० ला अपग्रेड, १२:१० ला संपलं. 'हॅलो'सुद्धा पाठवलं, सवय.

१० फेब्रुवारी, सोमवार

साडेनऊ वाजून गेले, फोन नाही. पावणेदहाला अण्णांचा. पासवर्ड विसरले होते.

धाकट्यानं मोडतोडीच्या यादीत सोळावी ओळ घातली: मायनेटवर्क्समध्ये आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे, सगळे पत्ते टाका. दुपारी चालवली. २३८ हिरव्या.